वलणीखालचा हीटर

“टांगलेलं पडतं, अनुसूया. आज नाही तर उद्या पडतं. म्हणून माप घ्यायचं ते कापड आत्ता कुठं आहे तिथून नाही, पडल्यावर कुठं येईल तिथून. हीटरच्या चहूकडे तीन फूट मोकळं. तीन म्हणजे तीन. अडीचला मी दोनच म्हणतो.”

हे सांगणारा आवाज थांबून चार वर्षं झाली होती. तरी अनुसूयाबाई हीटरचं बटण दाबायला वाकल्या की तो कानाशी यायचाच. त्रिविक्रमरावांची सगळी नोकरी सरकारी कारखान्याच्या अग्निशमन विभागात झाली. एकतीस वर्षं लोकांना ‘इथं हे ठेवू नका, तिथून ते ओढू नका’ सांगण्यात गेली, आणि संध्याकाळी तीच जीभ घेऊन ते घरी यायचे. निजायच्या आधी घरभर नाक वर करून एक फेरी. मुलीच्या, मनस्विनीच्या लग्नात तर होमकुंडापासून मांडवाच्या झालरीपर्यंत टेप धरून उभे राहिले. व्याही म्हणाले, “काय हो, जावयाच्या सुटाचं माप घेताय की काय?” हे हसले नाहीत. झालर सोडवून घेतली आणि मगच भटजींना ‘करा सुरू’ म्हणाले.

आता घरात नाक वर करून फिरणारं कुणी नव्हतं. खाली पाहणारंही नव्हतं. के. आर. पुरमच्या त्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन घरं, समोरासमोर दारं. एकात अनुसूयाबाई एकट्या, दुसऱ्यात विद्या आणि तिचा नवरा. विद्याचं मूळ मराठी घराणं बंगळुरात साडेतीनशे वर्षांचं. मराठी बोलायची, पण दर दोन वाक्यांमागं कानडी डोकवायची. बँकेत जायची, पहाटे पाचला उठून पाणी भरायची, आणि अनुसूयाबाईंना ‘अक्का’ म्हणायची. सोलापूरकडच्या अनुसूयाबाईंना आधी ते ऐकून माहेरची हाक आल्यासारखं चमकायला व्हायचं. पुढं पुढं तर त्या नावानं हाक मारणारी तेवढी एकच उरली.

बंगळूरची थंडी ही काही दात वाजवणारी थंडी नव्हे. इथं पंखे बंद झाले की लोक स्वेटर काढतात. पण त्या वर्षी मार्गशीर्षात तिकडं समुद्रात कुठं वादळ उठलं आणि इकडं आठवडाभर सूर्य म्हणून दिसला नाही. भुरभुर पाऊस, भिंतींना ओल, पांघरुणात शिरलं तरी पांघरूणच गार. आणि नेमका धनुर्मास लागलेला.

धनुर्मासातले तीस दिवस अनुसूयाबाईंच्या वर्षाचा कणा होते. चारला उठायचं, आंघोळ, सूर्य उगवायच्या आत पूजा, मुगाच्या डाळीच्या खिचडीचा नैवेद्य. विद्या तिला हुग्गी म्हणायची. हे सगळं सोवळ्यात. सोवळं म्हणजे आंघोळीनंतर स्वतः धुतलेलं, उंच वलणीवर काठीनं टाकून वाळवलेलं, कुणाचंही बोट न लागलेलं सुती लुगडं. अशी दोन होती, एक नेसायचं नि एक वाळायचं. रेशमी नेसलं तरी चालतं हे त्यांना ठाऊक होतं, शास्त्रात सूट आहे. पण सूट घेतली की मन चोरटं होतं, असं त्यांना वाटे.

शिवाय एक मौन होतं. आंघोळीपासून नैवेद्य दाखवीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हा नेम जुना नव्हता. त्रिविक्रमराव गेले त्या वर्षीपासूनचा. पहाटे उठून “चहा टाकू का हो” असं म्हणायला ओठ हलायचे आणि मग आठवायचं. त्यापेक्षा मौनच बरं, देवाच्या नावानं तरी. ज्या घरात उत्तर द्यायलाच कुणी नाही, तिथं मौन पाळणं फार सोपं जातं.

धनुर्मासाच्या चौथ्या पहाटे वलणीवरचं दुसरं लुगडं हाताला ओलंच लागलं. आदल्या वर्षी ओलेत्यानं पूजा केली होती तर खोकला फाल्गुनापर्यंत पुरला होता, डॉक्टर रागावले होते. म्हणून मनस्विनीनं यंदा हीटर पाठवला होता. दोन लाल कांड्यांचा, जाळी लावलेला. अनुसूयाबाईंनी तो आल्या दिवशी त्रिविक्रमरावांच्या सगळ्या सूचना आठवून लावला. एक्स्टेन्शन बॉक्सवर लावायचा नाही, भिंतीतल्या जाड पिनेच्या सॉकेटमध्येच लावायचा. आतल्या खोलीत तसं सॉकेट एकच, कोपऱ्यातलं. आणि वलणी नेमकी त्याच्यावर. त्यांनी ह्यांच्या खणातला पोलादी टेप काढला, हीटरच्या माथ्यापासून लुगड्याच्या खालच्या काठापर्यंत धरला. तीन फूट आणि वर दोन बोटं. मनाचं समाधान झालं. खोली गरम होते, शेजारच्या देवघरात ऊब येते, वर लुगडंही वाळतं. मुलीला फोनवर कौतुकानं सांगितलंसुद्धा, “अगं, तुझा हीटर दोन कामं करतो.”

माप बरोबर होतं. फक्त ते, कापड आत्ता कुठं आहे, तिथून घेतलं होतं.

त्या पहाटे त्या देवापुढं बसल्या होत्या. सहस्रनाम मनातल्या मनात चाललं होतं. समईची वात सरळ, पातेल्यात खिचडी झाकून ठेवलेली. वास आला तेव्हा वाटलं धुपाचा. दुसऱ्यांदा आला तेव्हा वाटलं खिचडी लागली असेल तळाला. मग डाव्या बाजूच्या भिंतीवर उजेड हलला. देवघरातला उजेड कधी असा हलत नाही.

उठून दारात गेल्या तर वलणी रिकामी. काठीनं टाकताना एक बाजू चार बोटं लांब राहिली असणार. गुळगुळीत पाइपावरून लुगडं इंचाइंचानं घसरत गेलं आणि अख्खं हीटरवर उतरलं. ओलं होतं तोवर धुमसलं, वाळलं तसं पेटलं. ज्वाळा कमरेइतकी. बाजूला गादीची वळकटी, तिच्यावर दोन गोधड्या.

तांब्याच्या घंगाळात पाणी भरलेलं होतं, चार पावलांवर. त्या धावल्या, घंगाळाचे कान धरले आणि तिथंच थबकल्या. वीज चालू असताना पाणी टाकायचं नाही. बटण आगीच्या मागं. ‘विद्या!’ एवढी एक हाक पुरली असती. ती गळ्यापर्यंत आली आणि ओठांशी येऊन अडली. नैवेद्य व्हायचा होता.

त्यांनी काठी घेतली. त्या काठीनंच लुगड्याचा पेटता काठ उचलला, ओढला. अर्धं कापड जमिनीवर आलं, एक जळता तुकडा उडून गोधडीवर बसला. त्यांनी तो हातानं उचलून फेकला. उजवा हात. चटका बसला तेव्हाही तोंडातून हूं की चूं नाही.

दारावर थाप पडली.

“अक्का! काय जळतंय हो? दूध करपलं का?”

अनुसूयाबाई पायानं गोधड्या मागं लोटत होत्या.

“अक्का, मौन आहे, ठाऊक आहे मला. नुसती घंटा वाजवा. एकदाच. मग मी जाते.”

घंटा देवघरात होती. डावा हात रिकामा होता. घंटा वाजवली नाही. आजवर कधी पूजेच्या मधे दार उघडलं नव्हतं, कुणाला उत्तर दिलं नव्हतं. चार वर्षांची सवय ती, आग लागली म्हणून तेवढ्यात कुठं सुटते?

“अय्यो देवा, दाराखालून धूर येतोय,” विद्या बाहेर स्वतःशीच म्हणाली. मग जिन्यावरून तिच्या चपलांचा खडखडाट खाली गेला, आणि दोन-चार श्वासांत घरातले विजेचे दिवे गेले. जिन्याखालच्या मीटरपाशी तिनं ह्या घराची वीज बंद केली होती. हीटरच्या कांड्या लाल होत्या त्या तांबूस झाल्या, विझत गेल्या. आता फक्त कापडाची आग. अनुसूयाबाईंनी घंगाळ उचललं आणि ओतलं. मग बादली. मग कळशी. चर्र झालं, वाफ आली, आणि खोलीत ओल्या राखेचा वास उरला.

दाराला वरची कडी आणि खालची कडी. डाव्या हातानं ती काढायला वेळ लागला. दार उघडलं तर विद्या मोबाइलचा उजेड धरून उभी. गाऊनवर स्वेटर, केस विस्कटलेले, धाप लागलेली. आत बघत होती, पण उंबऱ्याच्या अलीकडं.

“येऊ का आत?” तिनं विचारलं. “आंघोळ व्हायचीय माझी अजून.”

अनुसूयाबाईंनी तिच्या पायांकडं पाहिलं. घर जळत होतं आणि ही बाई दाराबाहेर आपल्या पारोशा पायांचा विचार करत उभी होती. हे तिला शिकवलं कुणी? ‘आत्ता नको गं, सोवळ्यात आहे,’ असं हळू, गोड आवाजात कितीदा तिला परत लावलं होतं. न रागावता. रागावल्या असत्या तर ती एखाद वेळी तरी भांडून आत आली असती.

“ये,” त्या म्हणाल्या.

मौन मोडलं. विद्याच्या लक्षातही आलं नाही. ती सरळ आत शिरली, खिडक्या उघडल्या, पायानं राख चाळून कुठं ठिणगी राहिली आहे का ते पाहिलं, आणि मग अनुसूयाबाईंचा हात पाहिला.

“अय्यो! चला, नळाखाली.”

“जरा तूप लावते...”

“तूप नको, हळद नको, काही नको. पाणी. वीस मिनिटं. मी मोजणार.”

न्हाणीघरात दोघी उभ्या राहिल्या. विद्यानं त्यांचा हात मनगटाशी धरून नळाखाली धरला होता. गार पाण्यानं दोघींचेही हात बधिर झाले. किती दिवसांनी कुणीतरी आपला हात धरलाय, असा एक विचार अनुसूयाबाईंच्या मनात आला आणि त्यांनी तो लाजून ढकलून दिला.

“का नाही ओरडलात?” विद्यानं विचारलं. तिचा आवाज आता रडका झाला होता. “मी तिथं दोन पावलांवर. आतून दोन-दोन कड्या. मी दार मोडणार होते का हो? तुम्ही आत पडला असता धुरात, आणि मी बाहेर म्हणत बसले असते, अक्कांचं मौन आहे, अक्कांचं मौन आहे!”

“चुकलं माझं.”

“तुमचं चुकलं म्हणून होत नाही. स्वल्प थांबा, मनस्विनीला फोन लावते.”

“नको.” अनुसूयाबाईंनी डाव्या हातानं तिचा दंड धरला. आज दुसऱ्यांदा स्पर्श. “विद्या, नको गं. संक्रांत होऊ दे. धनुर्मास पार पडू दे.”

विद्याला कारण ठाऊक होतं. गेल्या वर्षी अनुसूयाबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या. तेव्हा मनस्विनी इंदिरानगरहून धावत आली आणि पायाला क्रेप बँडेज बांधता बांधता म्हणाली होती, “आई, हे शेवटचं. आता एक जरी काही झालं तर तू माझ्याकडे येणार. नो डिस्कशन.” मुलगी वाईट नव्हती, जावई प्रणीतही गुणी. पण त्यांच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये देव एका कपाटात होते, आणि उदबत्तीच्या धुरानं छतावरचा भोंगा वाजायचा. पहाटे चारला गीझर लावला तर सगळे जागे व्हायचे. सकाळी अंड्याचं ऑम्लेट. तिथं गेलं की हे तीस दिवस संपले. आणि ते संपल्यावर आपण काय करायचं, हे अनुसूयाबाईंना कल्पून कल्पून सुचलं नव्हतं.

“मी नाही सांगत,” विद्या म्हणाली. “माझ्या तोंडून नको. पण तुम्ही सांगायचं, अक्का. स्वतः. संक्रांतीपर्यंत नाही. चार दिवस.”

“सांगेन.”

“असं नव्हे. देवाकडं बघून.”

देवघरात समई तेवढी जळत होती. अनुसूयाबाईंनी तिकडं तोंड केलं. “चार दिवसांत मनूला सांगेन.”

“सरी, ठरलं,” विद्या म्हणाली आणि नळ बंद केला.

पहिला दिवस हाताला पट्टी बांधून घेण्यात गेला. विद्यानं कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून बोलावून आणलेल्या पोरसवदा डॉक्टरबाईंनी “कशानं भाजलं?” विचारलं तेव्हा अनुसूयाबाई म्हणाल्या, “पूजेत.” खोटं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मनस्विनीचा व्हिडिओ कॉल आला, तर त्यांनी फोन डाव्या हातात धरला आणि उजवा पदराखाली. तिसऱ्या दिवशी मुलगी कामात होती. कामात असलेल्या माणसाला कशाला घाबरवायचं? हीटर पुसून, वायर गुंडाळून त्यांनी माळ्यावर टाकून दिला होता, दाराची वरची कडी लावणं बंद केलं होतं, रेशमी लुगडं नेसून पूजा चालू होती. आता धोका कुठं होता? नुसती जुनी गोष्ट उगाळायची.

त्या काही खोटं बोलल्या नव्हत्या. बोलल्याच नव्हत्या फक्त. आणि ते त्यांना इतकं सरावाचं झालं होतं, की त्यात लबाडी आहे हेही लक्षात येत नव्हतं.

विद्या रोज संध्याकाळी बँकेतून येताना दार ढकलून डोकवायची. बोलायची नाही, भुवया उडवायची. अनुसूयाबाई मान हलवायच्या, अजून नाही. तिसऱ्या दिवशी विद्या म्हणाली, “उद्या मोजून चार होतात हं अक्का.”

चौथ्या दिवशी दुपारी अडीचला मनस्विनीनंच फोन केला. घरूनच काम चालू होतं, मधे दहा मिनिटं सुटी मिळाली होती.

“आई, ऐक ना, एक गंमत. उद्या वेदिकाचा अ‍ॅन्युअल डे. ती फुलपाखरू झालीय, सांगितलं ना तुला? निळा जाळीचा झगा, पंखबिंख. तर काल बाईसाहेबांनी रिहर्सलला चिखलात लोळवला तो. धुतला. आता वाळतच नाहीये! बाल्कनीत टाकला तर अजून ओला झाला.”

“पंख्याखाली टाक.”

“टाकला. काही नाही. मग मला तुझी आयडिया आठवली. वेदिकाच्या खोलीत पडद्याच्या दांडीला लावलाय हँगरनं, नि खाली हीटर. तुझ्यासारखाच सेम घेतलाय मी. ती पाचला शाळेतून आली की लावणार. अभ्यास पण होईल उबेत, झगा पण वाळेल. दोन कामं!” मनस्विनी हसली.

अनुसूयाबाईंनी तिला तिथंच थांबवलं.

“मने, नको लावूस.”

“अगं, मी घरातच आहे.”

“जाळीचं कापड आहे ते. पडलं तर...”

“आई, बाबांसारखी नको ना बोलूस! तीन फूट ठेवते, झालं? मोजून ठेवते. तू नाही का रोज सोवळं वाळवत? वाळतं ना तुझं?”

इथं बोलायचं होतं. एवढाच तो क्षण. ‘नाही गं, जळलं’ असे तीन शब्द. अनुसूयाबाईंनी तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढं ते कपाटातले देव आले, छतावरचा भोंगा आला.

“वाळतं,” त्या म्हणाल्या.

“मग! तुझं वाळतं तर माझं काय होतंय? चल, माझा कॉल आहे. उद्या व्हिडिओ पाठवते फुलपाखराचा.”

फोन बंद झाला. अनुसूयाबाई तशाच बसून राहिल्या. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली. मग त्यांनी पुन्हा नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करते’ असा निरोप पडद्यावर आला. निरोप लिहावा म्हणून बोट पुढं केलं, तर मराठी अक्षरं सापडेनात. डाव्या हातानं इंग्रजी अक्षरांत ‘हीटर लावू नको’ एवढं कसंबसं लिहून पाठवलं. लगेच उत्तर आलं. एक हसरा चेहरा, आणि ‘येस बाबा’.

आठ वर्षांची नात. त्या खोलीत पुस्तकं, कापडी बाहुल्या, पलंगावर लोकरीचं पांघरूण. पाचला येणार. अभ्यासाला बसणार, दार लोटून घेणार, कारण बाहेर आईची मीटिंग. आणि खाली लाल कांड्या, वर जाळीचे पंख. मीच सांगितलं तिला, अनुसूयाबाईंना वाटलं. आधी कौतुकानं सांगितलं, आणि आत्ता ‘वाळतं’ म्हणून सांगितलं. जळलं ते लपवलं आणि ‘वाळतं’ तेवढं दिलं.

घड्याळात पावणेतीन. इथून मेट्रोनं इंदिरानगर म्हटलं तर फार नाही. प्रणीत कितीदा म्हणाला होता, “सासूबाई, आता थेट गाडी झाली, या ना.” पण धनुर्मासात त्या घर सोडत नसत. देवापुढं तीस दिवस समई अखंड ठेवायची, आणि जळता दिवा सोडून घराला कुलूप लावायचं नाही, हा त्रिविक्रमरावांचा कायदा. दोघं होते तेव्हा एकानं जायचं, एकानं थांबायचं. एकट्या पडल्यापासून त्या थांबायच्याच. भाजी विद्या आणायची, वाती त्या घरीच वळायच्या. लोक म्हणायचे, महिनाभर बाहेर पडत नाहीत, केवढी निष्ठा! निष्ठा होतीच. पण दुसरीकडं कुठं जावंसंच वाटत नाही, हे दिव्याच्या नावावर खपून जायचं, तेही होतं.

त्या उठल्या. देवघरात जाऊन उभ्या राहिल्या. समई ठेवल्यापासूनच्या सात रात्री त्यांनी दोनदोनदा उठून तेल घातलं होतं. अजून तेवीस दिवस होते.

“मी जाऊन येते,” त्या देवाला म्हणाल्या. आवाज त्यांच्या नेहमीसारखाच हळू होता. “उद्या पहाटे येणं होईल असं नाही. ती मला सोडेल असंही नाही. पण पोरगी आहे हो तिथं. तुम्ही समजून घ्याल.”

देवापुढं खडीसाखर ठेवली. दिवा फुंकायचा नसतो. त्यांनी झेंडूच्या देठानं वात मागं ओढली, तेलात बुडवली. एक बारीक धुराची रेघ उठली आणि सरळ वर गेली. ती पूर्ण विरेपर्यंत त्या थांबल्या. मग बोटानं समईचा काठ चाचपून गार होतोय ना, ते पाहिलं.

पिशवीत बदलायचं एक लुगडं, जपाची माळ, औषधाच्या गोळ्या. मनू काय म्हणेल ते त्यांना शब्दन् शब्द ठाऊक होतं. आधी हाताकडं बघेल, मग तोंडाकडं. ‘चार दिवस? चार दिवस तू मला सांगितलं नाहीस?’ मग रडेल, मग चिडेल, मग म्हणेल, ‘आता बॅग भरायची.’ त्यावर आपण काय उत्तर देणार, हे काही त्यांनी ठरवलं नव्हतं. सांगायचं एवढं ठरलं होतं. वेदिका यायच्या आत, पट्टी सोडून, हात पुढं करून सांगायचं. फोनवर तिला बाबांची थट्टा आठवते. हात बघितल्यावर नाही आठवणार.

कुलूप लावलं. समोरच्या दारावर टकटक करायला हात उचलला, पण विद्या बँकेत. मग त्यांनी फोन लावला. विद्यानं पहिल्याच घंटीला उचलला.

“अक्का? काय झालं? बरं आहे ना सगळं?”

“मनूकडे चालले आहे.”

पलीकडे बँकेतला गलबला ऐकू येत होता. कुणीतरी कानडीत विद्याला काहीतरी विचारत होतं. तिनं त्याला थांबवलं.

“आत्ता? पण मग दिवा?”

“शांत केला.”

विद्यानं खुर्ची मागं सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “अक्का, मी येऊ का सोबत? सुटी टाकते अर्धी.”

“नको. तू तुझं काम कर. माझं मला बोलू दे.” त्या दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या. “आणि विद्या, मी परत आले ना, की तू येत जा. आंघोळ झाली नसली तरी.”

“परत या तर खरं,” विद्या म्हणाली, आणि तिचा आवाज जड झाला.

खाली फाटकाशी भुरभुर चालूच होती. रिक्षावाला थांबला, भाव सांगायला लागला. त्यांनी मान हलवली, स्टेशन जवळच होतं. छत्री काखेत होती, पण उघडायला दुसरा हात लागला असता आणि तो पट्टीत होता. त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, पिशवी डाव्या खांद्यावर सरकवली, आणि चिखल चुकवत, भिंतीच्या कडेकडेनं मेट्रोच्या रस्त्याला लागल्या.